जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवताना: मापं, जोडण्या आणि आधी उरकायची कामं

जुन्या गाडीला ताकदीचं इंजिन बसवायचं ठरलं की शोध सुरू होतो तो इंजिनाचा. वास्तविक या कामात इंजिन हाच सगळ्यात कमी त्रासाचा भाग. ते तयार मिळतं आणि चेन ब्लॉकला लटकवून दुपारभरात गाडीत उतरतंही. वेळ आणि पैसा खातात त्या जोडण्या. इंजिन गिअरबॉक्सला, चेसिसला, टाकीला, रेडिएटरला आणि वायरिंगला जिथे जिथे भेटतं, तिथे काम अडतं. गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या बहुतेक अर्धवट गाड्यांमध्ये इंजिन बसलेलंच असतं, बाकीचं राहिलेलं असतं. म्हणून इथे भर जोडण्यांवर आहे.

आधी आहे ते इंजिन तपासा

गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन संपलं असं नाही. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं, अर्ध्या तासात होते. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल बंद करा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे होतील इतका सेल्फ मारा. अॅक्सिलरेटर दाबला नाही तर हवाच आत जात नाही आणि आकडे खोटे कमी येतात. साधारण पेट्रोल इंजिनात १५० ते १८० पीएसआय (दाबाचं एकक) ठीक. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक अंतर नको. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं यंत्र) असेल तर आणखी बरं. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन निरोगी, २० च्या वर गेली तर उघडायला हवं. हवा कुठून फुसफुसते ते ऐका. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

कॉम्प्रेशन चांगलं असूनही गाडी मेलेली असेल तर आधी या गोष्टी बघा. एकाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि एअर फिल्टर काढून थ्रॉटलची पाकळी खरोखर उभी होते का ते पाहा. केबल ताणून सैल झाल्यामुळे पाऊणच उघडणारी पाकळी जुन्या गाड्यांत सर्रास सापडते. डिस्ट्रिब्युटरमधली, वेगासोबत ठिणगी लवकर पाडणारी अॅडव्हान्सची वजनं गंजून अडकली आहेत का, व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पडदा फाटलाय का, तेही बघा. नळी तोंडाने ओढून धरली आणि जिभेवर दाब टिकला नाही तर पडदा गेला. एवढं दुरुस्त करून बऱ्याच गाड्या इतक्या सुधारतात की इंजिन बदलायचा विचार वर्षभर पुढे जातो.

कोणतं इंजिन

पहिली पसंती त्याच कुटुंबातल्या मोठ्या भावाला. त्याच कंपनीने तीच गाडी पुढे मोठ्या इंजिनात विकली असेल तर माउंटिंग, गिअरबॉक्सचे बोल्ट आणि पुष्कळदा वायरिंगही जुळतं. माझ्दा एमएक्स-५ हे त्याचं चांगलं उदाहरण. सुरुवातीच्या १.६ लिटरच्या जागी १.८ सरळ बसतं आणि गिअरबॉक्स तोच चालतो. पण १.६ चा क्लच २०० मिमी, १.८ चा २१५ मिमी, म्हणून फ्लायव्हील आणि क्लच जोडीनेच घ्यावे लागतात. शिवाय १.६ चं ६ इंची डिफरन्शियल नाजूक. टर्बो लावायचा बेत असेल तर १.८ चं ७ इंची आणावं लागतं आणि त्याच्यासोबत अॅक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टही. ज्या अदलाबदलीला लोक 'बोल्ट-टू-बोल्ट' म्हणतात तिचा हा हिशोब आहे. बाकीच्यांची कल्पना करा.

वेगळ्या कुटुंबातलं इंजिन घ्यायचं तर आधी तीन गोष्टींची खात्री करा. पहिली, फिरण्याची दिशा. होंडाच्या इंजिनांची जुनी बी आणि डी मालिका ज्या बाजूला फिरते, त्याच्या उलट के मालिका फिरते. त्यामुळे के इंजिनाला के चाच गिअरबॉक्स लागतो. दुसरी, क्रँकचं मागचं टोक किती बाहेर येतं. जनरल मोटर्सच्या एलएस या व्ही८ इंजिनांत क्रँकची फ्लँज (फ्लायव्हील जिथे बोल्टने बसतं ते टोक) त्याच कंपनीच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही८ पेक्षा ०.४०० इंच आत असते. जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मध्ये तेवढ्या जाडीचा स्पेसर आणि त्याला जुळणारी फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमधली फ्लायव्हीलच्या जागची पातळ प्लेट) लागते. तिसरी, सेन्सर आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) जोडी. त्याच एलएस इंजिनांत क्रँकवरचं दातेरी चाक जुन्या पिढीत २४ खुणांचं आणि नंतरच्या पिढीत बहुतेक ५८ खुणांचं आहे. इंजिन एकाचं आणि ईसीयू दुसऱ्याचा असेल तर सेल्फ कितीही मारा, ठिणगी पडणार नाही.

जमलं तर सुटं इंजिन घेऊ नका, अपघातात मागून किंवा बाजूने ठोकलेली पूर्ण गाडी घ्या. सुट्या इंजिनासोबत न आलेल्या वस्तूंची यादी छोटी दिसते, पण तीच घात करते: ईसीयू, इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), त्याची चावी, अॅक्सिलरेटर पेडल (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर ते हवंच), फ्यूज बॉक्स, वायरिंगचे कनेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, अल्टरनेटरचे ब्रॅकेट, विचित्र वळणाचे होज. शिवाय पूर्ण गाडी असली की इंजिन उतरवण्याआधी ते चालू करून ऐकता येतं.

आणि कागदपत्रं. इंजिन क्रमांक बदलतो, म्हणजे नोंदणी आणि विमा दोन्हींशी संबंध येतो. धुराचे नियम गाडीच्या वयाला लागतात की इंजिनाच्या, हे ठिकाणागणिक वेगळं असतं. खरेदीच्या आधी विचारून घ्या.

बॉनेटखाली मापं घेणं

नवीन इंजिन अख्खं उतरवून मापं घेऊ नका. हेड, मॅनिफोल्ड काढलेला रिकामा ब्लॉक आणि रिकामी गिअरबॉक्सची पेटी जोडून आत उतरवा. वजन कमी, हात घालायला जागा जास्त. लाकडी ठोकळ्यांवर आणि जॅकवर ठेवून जागा ठरवा. त्यानंतर हेड आणि मॅनिफोल्ड चढवून पुन्हा तपासा.

जागा ठरवताना ज्या गोष्टी हलू शकत नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करा: स्टिअरिंगचा शाफ्ट, पुढचा क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा), फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), गिअर लिव्हरचं भोक. चालू इंजिन माउंटिंगच्या रबरावर चांगलं डोलतं, म्हणून सगळीकडे किमान २० ते २५ मिमी मोकळी जागा लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग शाफ्ट यांच्यात तर त्याहून जास्त. बॉनेट लागतं का हे पाहायला एअर फिल्टरच्या वर मातीकामाच्या मऊ क्लेचे गोळे ठेवा, बॉनेट हलकेच बंद करा, उघडा आणि चपटलेल्या गोळ्याची जाडी मोजा.

ऑइल चेंबर ही हमखास अडचण. चेंबरची खोल बाजू पुढे की मागे, यावर इंजिन क्रॉसमेंबरच्या वर बसतं की नाही ते ठरतं. पुष्कळ इंजिनांना वेगवेगळ्या मॉडेलमध्ये वेगवेगळे चेंबर मिळालेत, तेव्हा कापाकापीच्या आधी शोधा. चेंबर क्रॉसमेंबरच्या खाली लोंबत असेल तर पहिल्या उंच गतिरोधकावर ऑइल रस्त्यावर. चेंबर बदलला किंवा कापून जोडला तर ऑइल पंपाच्या पिकअपचं (ऑइल खेचणाऱ्या नळीचं) तोंड आणि चेंबरचा तळ यांतलं अंतर पुन्हा मोजायलाच हवं. तीच क्ले पिकअपच्या जाळीवर लावून चेंबर बसवा, काढा, मोजा. ६ ते १० मिमी हवं. कमी असेल तर पंपाला ऑइल खेचता येत नाही, जास्त असेल तर वळणावर आणि ब्रेक मारताना हवा ओढली जाते. दोन्हीचा शेवट बेअरिंग जळण्यात.

बेलहाउसिंग: डायल गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका

अॅडाप्टर प्लेट लावली असेल किंवा ब्लॉक एकाचा आणि बेलहाउसिंग (क्लच झाकणारं, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं घर) दुसऱ्याचं असेल, तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या मध्यावर येतोय का ते मोजावं लागतं. डोळ्याला हा फरक दिसत नाही. तो चुकला की क्लच पूर्ण सुटत नाही, पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं) सारखं जातं, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये कुरकुरतो किंवा ओढताना गिअर बाहेर पडतो. मग लोक गिअरबॉक्स उघडतात आणि आत काहीच सापडत नाही.

पद्धत अशी. फ्लायव्हील लावा, क्लच नको. रिकामं बेलहाउसिंग ब्लॉकवर ठरलेल्या टॉर्कला आवळा. डायल गेजचा (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) चुंबकी पाया फ्लायव्हीलवर चिकटवा आणि गेजचं टोक बेलहाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा. गिअरबॉक्सची कॉलर ज्यात बसते तेच हे भोक. प्लग काढून ठेवा म्हणजे क्रँक हाताने फिरतो. फिरवताना क्रँक सतत एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर त्याची लांबीतली ढिलाई गेजवर उमटते. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असे चार आकडे लिहा. समोरासमोरच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे केंद्र जितकं सरकलंय त्याच्या दुप्पट. उदाहरणार्थ वर शून्य आणि खाली ०.३० मिमी आलं, तर केंद्र ०.१५ मिमी सरकलेलं आहे. साधारण ०.१२ मिमीपर्यंत सरकलेलं चालून जातं. पण काही गिअरबॉक्स कंपन्या गेजवर दिसणारा एकूण फरकच ०.१३ मिमीच्या आत मागतात, तेव्हा तीच मर्यादा धरा. फरक जास्त असेल तर ब्लॉकमधल्या डॉवेल पिना (बेलहाउसिंग जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) काढून ऑफसेट पिना बसवतात. त्या बाजारात ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचांच्या मिळतात. पिन फिरवत केंद्र जागेवर आणायचं, पुन्हा मोजायचं. मग गेजचं टोक बेलहाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर ठेवून ते तोंड क्रँकला काटकोनात आहे का तेही बघा. रंगाचा पापुद्रा किंवा जुन्या गॅस्केटचा तुकडा खाली राहिला तरी हा आकडा बिघडतो, त्यामुळे आधी घासून साफ करा.

नंतर लांबीचं माप. इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये नीट शिरलं पाहिजे, पण क्रँकच्या भोकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकलं तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर कायमचा दाब राहतो. ऑटोमॅटिक असेल तर बेलहाउसिंग आवळल्यावर टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) आणि फ्लेक्सप्लेट यांत साधारण ३ मिमी फट उरली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे.

एक नियम मात्र कधीच मोडू नका: शेवटचे १० मिमी बोल्ट आवळून ओढायचे नाहीत. गिअरबॉक्स हाताने ब्लॉकला टेकत नसेल तर काहीतरी अडलंय. क्लचप्लेट मध्यावर नसेल, कन्व्हर्टर पूर्ण बसला नसेल, किंवा शाफ्ट लांब असेल. बोल्टने ओढलं की बेलहाउसिंगचा कान तुटतो किंवा ऑटोमॅटिकचा पंप फुटतो.

प्रॉपेलर शाफ्टचे कोन

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन बदलल्यावर ताशी ७०-८० ला येणारी थरथर बहुतेक वेळा इथून येते. गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना मोजा. जॅकवर लटकलेल्या अॅक्सलचं माप निरुपयोगी. डिजिटल अँगल गेज तीन ठिकाणी लावा: गिअरबॉक्सचा आउटपुट, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट ज्याला जोडला जातो ते टोक).

समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली झुकलाय आणि शाफ्ट ५ अंश. म्हणजे पुढच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन २ अंश. आता पिनियनची रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर हवी, म्हणजे पिनियनचं नाक ३ अंश वर. मग मागच्या क्रॉसचा कोनही २ अंश येतो आणि पुढच्या क्रॉसने शाफ्टच्या वेगात आणलेला चढउतार मागचा क्रॉस खोडून काढतो. दोन्ही कोन ३ अंशांच्या आत आणि एकमेकांत १ अंशापेक्षा जास्त फरक नको. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या सुया जागच्या जागी राहून खड्डे पाडतात, म्हणून अर्धा-एक अंश तरी हवाच. मागे पाटे असतील तर जोर दिल्यावर पिनियनचं नाक वर उचललं जातं, त्यामुळे ते समांतर रेषेपेक्षा अंश-दोन अंश खाली ठेवून बसवा. कोन पाट्यांखाली पाचर घालून किंवा गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली पट्टी घालून बदलता येतो.

शाफ्ट लांबीला सगळ्यात शेवटी कापायचा. स्लाइडिंग योक (शाफ्टचं आत-बाहेर सरकणारं टोक) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकला, २० ते २५ मिमी बाहेर ओढा आणि ते अंतर धरून माप द्या. वेल्डिंगनंतर बॅलन्सिंग करून घ्या. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत आहेत हे नजरेने बघा, कारण लेथवाल्याकडून हे एखादवेळी सुटतं.

थरथर आलीच तर त्या वेगाला न्यूट्रल करून पाहा. थरथर तशीच राहिली तर दोष शाफ्ट, चाकं किंवा डिफरन्शियलकडे. गेली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंगकडे.

माउंटिंग

मूळ कंपनीचे रबर वापरा आणि ब्रॅकेट त्यांच्यासाठी बनवा. घट्ट पॉलियुरेथेन किंवा सरळ लोखंडी माउंटिंग रस्त्यावरच्या गाडीला घालून लोक नंतर प्रत्येक नट सैल होतो म्हणून वैतागतात. इंजिनाचे दोन आणि गिअरबॉक्सचा एक, असे तीन टेकू पुरतात. आधी वेल्डिंगचे टाके मारा, सगळं बसवून पाहा, मग ब्रॅकेट काढून बाहेर पूर्ण वेल्ड करा. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडा आणि ईसीयूचा कनेक्टर काढा. रबर कधी ना कधी फाटणार, तेव्हा इंजिन उसळून अॅक्सिलरेटरची केबल ओढू शकतं. ब्रॅकेट असा बनवा की रबर फाटलं तरी लोखंड लोखंडात अडकून राहील.

पेट्रोलची लाइन

कार्ब्युरेटरला ४ ते ७ पीएसआय पुरतात, इंजेक्शनला ४३ ते ५८. त्यामुळे जुना पंप, जुने होज आणि जुनी क्लिप यांतलं काहीच चालत नाही. होजवर एसएई जे३० आर९ छापलेलं असेल तोच इंजेक्शनला घ्या. आर६, आर७ कार्ब्युरेटरसाठी आहेत. टाकीच्या आत बुडणारा होज आर१० हवा, कारण साधा होज बाहेरून पेट्रोलमध्ये भिजला की फुगून सुटतो. दातेरी पट्टीच्या क्लिप होज कापतात. सपाट पट्टीच्या, गोल आवळणाऱ्या घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं. तेव्हा जुन्या लाइनमधले आखूड रबरी जोडसुद्धा बदला.

बऱ्याच जुन्या टाक्यांत पेट्रोलचं हिंदकळणं अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या नसतात. अर्धी टाकी असताना लांब वळणावर पेट्रोल एका कडेला जातं आणि इंजेक्शनचं इंजिन क्षणात गचके खातं. टाकीत पंप बसवता येत नसेल तर दीड-दोन लिटरचा सर्ज टँक लावा. कमी दाबाचा पंप त्यात पेट्रोल आणतो, जास्त दाबाचा पंप त्याच्या तळातून उचलतो, इंजिनाकडून परत येणारं पेट्रोल त्याच टँकच्या वरच्या भागात येतं आणि उरलेलं मूळ टाकीत जातं. पंपाआधी साधारण १०० मायक्रॉनची जाळी, पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. पंप रिलेवरून चालवा आणि इंजिन थांबलं की ईसीयू तो बंद करतो याची खात्री करा. किल्लीवर थेट जोडलेला पंप अपघातानंतर फुटलेल्या लाइनमधून पेट्रोल ओतत राहतो.

रेडिएटर

गाडी गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते: दोष फॅन किंवा फॅनच्या पेटीचा (फॅनभोवतीच्या आवरणाचा). उलट, उभी असताना ठीक आणि वेगात तापते: रेडिएटर लहान, अर्धा बुजलेला, किंवा मिश्रण आणि टायमिंग चुकलेलं. हे दोन वेगळे आजार आहेत, पण लोक दोन्हींवर मोठा फॅन लावतात.

फॅनला पेटी हवीच. नाहीतर तो पाती जिथे फिरतात तेवढ्याच भागातून हवा ओढतो. आणखी एक अडचण उंचीची. इंजिनाचा वरचा भाग रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच आला तर हवा हेडमध्ये अडकते. मग सगळ्यात उंच जागी वेगळी भरणी टाकी लावा आणि हेडची हवा तिच्यात न्या. एलएससारख्या इंजिनांना हेडमधून वाफ बाहेर काढणारी बारीक नळी असते. ती बूच लावून बंद करू नका.

वायरिंग

मूळ वायरिंग कापून 'स्वच्छ' करण्याचा मोह आवरा. टेबलावर पसरा, कंपनीची आकृती समोर ठेवा, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा. नको असलेली वायर कनेक्टरमधून पिन सोडवून काढा. ती मध्येच कापू नका. ईसीयूला बाहेरून लागणाऱ्या गोष्टी तशा मोजक्याच: बॅटरीचा कायम करंट, किल्लीचा करंट, अर्थ, पंपाचा आणि फॅनचा रिले, तपासणीचा सॉकेट आणि चेक लाइट. किल्लीचा करंट कुठून घेता याकडे लक्ष द्या. जुन्या गाड्यांत काही सर्किट सेल्फ मारताना बंद होतात. त्यावर ईसीयू जोडला तर गाडी सेल्फवर कधीच लागत नाही आणि किल्ली सोडताच एक ठिणगी पडते. मल्टीमीटरने सेल्फ चालू असतानाच तपासा.

विचित्र, ये-जा करणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असतं. बॅटरीपासून ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकपासून चेसिसला दुसरी आणि ईसीयूचा अर्थ कंपनीने दिला तिथेच. सेन्सरचा अर्थ बॉडीला नाही, ईसीयूलाच परत. तपासायला मल्टीमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरी ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा जोड खराब.

मीटरचे काटे: तापमान आणि ऑइलचे सेन्सर जुन्या मीटरचेच ठेवा आणि आट्यांना अॅडाप्टर लावा, नवीन सेन्सरचा रेझिस्टन्स जुन्या काट्याला जुळत नाही. टॅकोमीटरला चार सिलिंडरच्या इंजिनाकडून फेऱ्याला २ पल्स मिळतात, सहाकडून ३, आठकडून ४. त्यानुसार तो बदलून घ्यावा लागतो. चार्जिंगचा दिवा काढून टाकला तर बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट मिळत नाही आणि चार्जिंगच होत नाही.

ब्रेक आणि गिअर

हे काम इंजिनाच्या आधीचं. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबायचं म्हणजे ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा जाळायची. पुढचे डिस्क, नवे होज, ताजं डॉट ४ ऑइल आणि नवीन इंजिनाच्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगा एवढं तरी हवंच. जुनं आणि नवीन इंजिन दोन्ही लटकत्या काट्यावर वजन करा. छापील आकड्यांत कधी गिअरबॉक्स धरलेला असतो, कधी अल्टरनेटरसुद्धा नसतो.

डिफरन्शियलचा रेशो विकत घेण्याआधी कागदावर काढा: ताशी किलोमीटरला १००० ने गुणून ६० ने भागा, त्याला टायरच्या घेराने मीटरमध्ये भागा, मग गिअर आणि डिफरन्शियलच्या रेशोने गुणा. ताशी १०० ला, १.९ मीटर घेर, ४.१ डिफरन्शियल आणि सरळ टॉप गिअर असेल तर साधारण ३,६०० आरपीएम येतात. ०.८ चा पाचवा गिअर असेल तर २,८८०. लहान इंजिनासाठी दिलेला ४.१ मोठ्या टॉर्कच्या इंजिनाला फुकटचा आवाज देतो.

ताकद वाढवायची तर

क्रम असा ठेवा: एक्झॉस्ट, मग इंधन आणि टायमिंगची जुळणी, मग कॅमशाफ्ट, शेवटी टर्बो. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरशिवाय (एक्झॉस्टमध्ये बसून हवा-इंधन प्रमाण मोजणारा) यातलं काही करू नका. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर बसवा, नाहीतर पाइपातलं पाणी त्यात साठून तो फुटतो. पूर्ण अॅक्सिलरेटरवर साध्या इंजिनाला १२.५ ते १२.८ हवा-इंधन प्रमाण हवं, टर्बोला ११.५ च्या आसपास. जुन्या पद्धतीच्या हेडला इग्निशनचं एकूण टायमिंग ३२ ते ३६ अंश लागतं. नव्या, मध्यभागी प्लग असलेल्या हेडला त्याहून कमी पुरतं, तिथे जुनी सवय लावली की नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणं) होऊन पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते.

मोठ्या कॅमने आयडलला व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेक बूस्टर कडक होतो. हे रस्त्यावर कळण्याआधी व्हॅक्यूम गेजवर बघा. कॅम बदलताना व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर क्लेने मोजा: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. स्प्रिंग पूर्ण दाबल्यावर वेढे एकमेकांना टेकायच्या आधी १.५ मिमी शिल्लक हवेत.

पहिला स्टार्ट

अग्निशामक हाताशी. प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशन सोडा आणि ऑइलचा काटा वर येईपर्यंत १०-१५ सेकंदांच्या टप्प्यांनी सेल्फ मारा. मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. मग पंप चालवून पेट्रोलची प्रत्येक जोडणी हाताने आणि टॉर्चने तपासा. इंजिन लागल्यावर पाच-दहा सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद. गरम झाल्यावर ढोबळ हिशोब दर हजार आरपीएमला १० पीएसआय. फ्लॅट टॅपेटचा (रोलरशिवाय थेट कॅमवर घासणाऱ्या टॅपेटचा) नवा कॅम असेल तर आयडलवर अजिबात ठेवू नका. लागताच २,००० आरपीएमच्या वर नेऊन २० ते ३० मिनिटं कमी-जास्त करत चालवा आणि झिंक जास्त असलेलं ऑइल वापरा. आयडलला कॅमवर ऑइल कमी उडतं आणि टॅपेट पहिल्या काही मिनिटांतच झिजतात.

टायमिंग लाइटने ईसीयू सांगतो तो अंश पुलीवर खरोखर दिसतो का ते जुळवा. गाडी थंड झाली की पाण्याची पातळी पुन्हा भरा, कारण अडकलेली हवा पहिल्या तापण्यात निघते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर माउंटिंग, बेलहाउसिंग, प्रॉपेलर शाफ्ट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा आणि ५०० ला ऑइल बदला. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा: बारीक राखाडी पूड नव्या इंजिनाला चालते, तांब्याच्या रंगाचे चमकणारे कण दिसले तर बेअरिंग बघायला चेंबर उतरवावाच लागेल.